छेद कुठाय, बॉस?

दिवाळीला गावी गेलं की आमच्याकडे तीन गोष्टी नक्की असतात. पहाटे नरखेड स्टेशनवर डोळे चोळत उतरणं, घरी पोचल्या पोचल्या समोर येणारी चिवड्याची प्लेट आणि ‘पुण्यात आता पगार किती?’ हा प्रश्न. या वेळी चौथी गोष्ट ॲड झाली. धाकट्या चुलतभावानं मोबाइल हातात कोंबला आणि म्हणाला, ‘दादा, मॅच पाह्य ना. कसे पयतो आम्ही!’

हा गडी कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये आहे. टीममध्ये सहा फुटी असा एकही नाही. नागपूरच्या उंच पोरांसमोर बास्केटखाली ताटकळत उभं राहिलं तर काय होणार, हे त्यांना पहिल्याच मॅचमध्ये कळलेलं. म्हणून उपाय एकच, पळायचं! बॉल हातात आला की समोरचे आपापल्या जागी पोचायच्या आत त्यांच्या बास्केटवर धडकायचं. यालाच म्हणतात फास्ट ब्रेक. व्हिडिओ सॉल्लिड होता. आजूबाजूची पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

‘फास्ट ब्रेकवर अठरा पॉइंट काढले दादा!’

शेजारी काका संत्र्याच्या हिशोबाची वही घेऊन बसले होते. मान वर न करता म्हणाले, ‘अठरा कितीतून?’

भाऊ गप्प. मीही गप्प. काका पुढे म्हणाले, ‘कोनी सांगतलं का बगीच्यातून पाचशे क्रेट निघाले, तं मी पयले इचारतो, झाडं किती? अन् गयले किती?’

मंडळी, मी रोज ऑफिसात डॅशबोर्ड बनवतो. पण हा प्रश्न मला सुचला नव्हता. अठरा हा नुसता अंश झाला. छेद कुठाय?

१४९ आणि ६२

अंशाच्या प्रेमात पडणारे फक्त आमच्या नरखेडात नाहीत. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पळण्यासाठी सगळ्यात गाजलेली टीम म्हणजे लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंटची १९८९-९० ची. कोच पॉल वेस्टहेड, शेक्सपिअर शिकवणारा माणूस. त्याचा फण्डा सोपा होता. बॉल मिळाला की पाच-सात सेकंदांत शॉट. समोरच्यानं बास्केट केली? करू दे, आपण लगेच सुटायचं. त्या सीझनला त्यांनी मॅचमागे सरासरी १२२.४ पॉइंट काढले. तिकडच्या डिव्हिजन वनमधला हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

त्याच सीझनमध्ये, ४ मार्च १९९० ला, टीमचा स्टार हँक गॅदर्स चालू मॅचमध्ये कोर्टवर कोसळला आणि गेला. त्याचा शाळेपासूनचा मित्र बो किंबल त्यानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक मॅचचा आपला पहिला फ्री थ्रो डाव्या हातानं टाकायचा. गॅदर्स तसा टाकायचा म्हणून. त्या स्पर्धेत या टीमनं आदल्या वर्षीच्या विजेत्या मिशिगनला १४९-११५ असं धुतलं. आणि आठवड्याच्या आत अलाबामाला हरवलं, ६२-६० असं!

आता सांगा, १४९ काढणारी टीम भारी आणि ६२ काढणारी फालतू? पोरं तीच, कोच तोच. अलाबामानं बॉल मुद्दाम हळू खेळवला, त्यामुळे दोघांच्याही वाट्याला येणाऱ्या संधी कमी झाल्या. नुसते पॉइंट बघाल तर टीम पाच दिवसांत बिघडली असं वाटेल. बिघडली नव्हती, छेद बदलला होता.

वेस्टहेड पुढच्याच सीझनला, १९९०-९१ ला, डेन्व्हर नगेट्सकडे गेला. तिथे एनबीएत सगळ्यात जास्त पॉइंट याच टीमनं काढले, मॅचमागे ११९.९. पेपरात छापायला झकास! फक्त खाल्ले १३०.८. जिंकल्या २०, हरले ६२. बरं, सिस्टिमच टाकाऊ म्हणावी, तर २००७ मध्ये त्याच वेस्टहेडनं फीनिक्स मर्क्युरी या महिलांच्या टीमला पळवत चॅम्पियन केलं. म्हणजे ‘पळणं चांगलं की वाईट’ हा प्रश्नच चुकीचा. कुणी, कधी आणि कितीदा पळायचं, हा खरा प्रश्न.

वही काढा

यावर तिकडे रग्गड अभ्यास झालाय. डीन ऑलिव्हर नावाच्या संख्याशास्त्राच्या माणसानं २००४ मध्ये ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा पाया म्हणजे पझेशन. बॉल आपल्याकडे आला तिथपासून समोरच्याकडे जाईपर्यंत एक पझेशन. पॉइंट भागिले पझेशन, की झाला टीमचा खरा भाव. स्कोअरशीटवरून पझेशनचा अंदाज बांधायचं सूत्रही आहे. घेतलेले शॉट, वजा आपल्याच चुकलेल्या शॉटवर परत मिळवलेले बॉल, अधिक हातचे घालवलेले बॉल, अधिक फ्री थ्रोंच्या ०.४४ पट. पण हे सूत्र अख्ख्या मॅचचं. फास्ट ब्रेक वेगळे काढायचे तर व्हिडिओ, वही आणि एक चिकट मनुष्य लागतो. तो मनुष्य मी झालो.

आधी ठरवलं, फास्ट ब्रेक म्हणायचं कशाला? बॉल मिळाल्यापासून आठ सेकंदांच्या आत आणि समोरची टीम सेट व्हायच्या आत बास्केटवर जायचा प्रयत्न. प्रयत्न महत्त्वाचा! भाऊ फक्त बास्केट झालेले ब्रेक मोजत होता. पास बाहेर गेला, पाय घसरला, बॉल हिसकावला गेला, हे सगळं ‘ते सोड ना दादा’मध्ये जमा. सोडायचं कसं? गळलेली फळंही झाडालाच लागली होती की!

आता आकडे समजावण्यापुरते धरूया. समजा अठरा पॉइंट वीस ब्रेकमधून आले. म्हणजे दर ब्रेकला ०.९. आणि शांतपणे बॉल आणून केलेल्या चाळीस पझेशनमधून ३२ पॉइंट, म्हणजे ०.८. भाऊ लगेच टाळी मागेल, बघ, पळणंच भारी!

थांब बाबा. बॉल मिळाला कसा, तेही लिही. समजा वीसपैकी आठ ब्रेक बॉल हिसकावून सुरू झाले. समोर एकच डिफेंडर, आपले दोन. त्यात ११ पॉइंट, म्हणजे दर ब्रेकला जवळजवळ १.४. उरलेले बारा ब्रेक रिबाउंड घेऊन किंवा बास्केट खाल्ल्यावर, समोर तीन-चार जण आधीच परतलेले. त्यात फक्त ७ पॉइंट, ०.६ च्या आतच. म्हणजे त्या बारा वेळा पोरांनी जीव तोडून धावून चालण्यापेक्षा कमी कमावलं! ०.९ च्या सरासरीनं हे पोटात घातलं होतं.

शेवटचा रकाना कुणीच लिहीत नाही. ब्रेक फसल्यावर पुढच्या फेरीत समोरच्यानं काय काढलं? पाचही जण पुढे पळालेले असताना बॉल गेला, तर मागे आहे कोण? डेन्व्हरचं दुखणं इथेच होतं.

नुसता पळणारा

या सगळ्यामागे एक पोरगा होता. भावाचा जिगरी दोस्त, किडकिडीत, विंगवर खेळणारा. पुढच्या टुर्नामेंटला सर त्याला काढणार होते. ‘सर म्हनते, हा नुसता पयते. स्कोअरशीटवर तं काईच नाही.’ त्यानं घरी किट परत करायची भाषा सुरू केली होती.

व्हिडिओ चौथ्यांदा बघताना मला तो दिसला. प्रत्येक ब्रेकला कडेनं सुसाट कोपऱ्याकडे सुटायचा. बॉल क्वचितच मिळायचा. पण एक डिफेंडर दर वेळी त्याच्या मागे ओढला जायचा आणि मधली वाट मोकळी व्हायची. त्या मोकळ्या वाटेनं बास्केट करायचा आमचा भाऊ आणि टाळ्या घ्यायचा. पॉइंटच्या रकान्यात या धावण्याला जागाच नव्हती. म्हणून वहीत एक खूण वाढवली. ब्रेकच्या वेळी हा कोर्टवर होता की बाहेर? मग दोन्हींचा भाव वेगवेगळा काढायचा.

तुमच्या ऑफिसात असा एक जण असतोच. मेल कमी, मीटिंगमध्ये आवाज कमी. पण तो रजेवर गेला की प्रोजेक्ट अडकतं. अप्रेझलच्या शीटमध्ये त्याचा रकाना नसतो. आणि ‘मी महिन्यात शंभर कॉल केले’ म्हणणाऱ्याला कुणी विचारत नाही की त्यातून जमले किती आणि बिघडवले किती. आपण जे मोजतो त्यालाच बढती देतो. त्यामुळे काय मोजायचं हे ठरवणं हाही न्यायच असतो.

तर बॉस, तुमच्या रविवारच्या टीमसाठीही ही घ्या रेडिमेड वही.

• बॉल कसा मिळाला : हिसकावून, रिबाउंड की बास्केट खाऊन
• ब्रेक केला की थांबलो
• किती पॉइंट (शून्यसुद्धा लिहायचा!)
• पुढच्या फेरीत समोरच्याचे किती
• कोर्टवर कोण कोण होतं

परवा भावाचा फोन आला. ‘दादा, दोन मॅची मांडल्या. सरांले वही दाखवली.’

‘मग? पटलं?’

‘म्हनले, दोन मॅचीत काय समजते? एखाद्या दिवशी कोनाचाबी हात चालते. आनखी चार मांडा, मंग बोलू.’

मी मनातल्या मनात सरांना सलाम ठोकला. बरोबरच आहे. दोन मॅचच्या आकड्यांवर कुणाला काढू नये आणि कुणाला डोक्यावरही घेऊ नये. स्टॅटिस्टिक्सचा हा धडा एमबीए केलेलेही विसरतात.

‘आणि तुझा दोस्त?’

भाऊ हसला. ‘त्याले काढलं तं मोजतीन कसे? चार मॅची तं तो खेयतेच!’