पाहुणे आणि विज्ञान केंद्र

बड्या पाहुण्यांची भेट 'सुरळीत' पार पडली, असे आपण केव्हा म्हणतो? शाळेत असताना आम्ही मुले नरसिंहपूरहून पहाटेच्या एस.टी.ने एक विज्ञान केंद्र पाहावयास गेलो होतो. ऐनवेळी मान्यवरांचा ताफा आला आणि आम्हाला दीड तास व्हरांड्यात बसविण्यात आले. पाहुणे हार स्वीकारून, फोटो काढून गेले. आम्हाला परतीची एस.टी. गाठावयाची होती, केंद्र पाहावयाचे राहूनच गेले.

मित्रहो, माझी तक्रार पाहुण्यांबद्दल नाही, आखणीबद्दल आहे. मुंबईचे नेहरू विज्ञान केंद्र 11 नोव्हेंबर 1985 रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते खुले झाले. बारामतीच्या विज्ञान केंद्राचे उद्घाटन 16 जून 2022 रोजी उद्योगपती गौतम अदानी यांनी केले. मोठ्यांच्या येण्याने अशा संस्थांना बळ मिळते, हे मान्यच. परंतु तेथील उपकरणे हाताळल्यावाचून कळत नाहीत. म्हणून पाहुण्यांचे लहान गट करावेत, प्रत्येक गटाबरोबर एक मार्गदर्शक द्यावा, मोजकीच दालने ठरवावीत आणि हारतुरे प्रवेशद्वाराशीच आटोपावेत. बंदोबस्तासाठी एखादे दालन थोडा वेळ बंद ठेवावे. सारे केंद्र नव्हे. आधी वेळ घेऊन आलेल्या शाळेला तर मुळीच हलवू नये. उलट, त्या मुलांनीच पाहुण्यांना एखादा प्रयोग करून दाखवावा.

आमच्या गावी नीरा भीमेला मिळते. एकीसाठी दुसरी थांबत नाही. ज्या भेटीत एकही मूल व्हरांड्यात ताटकळले नाही, तीच भेट सुरळीत झाली, असे मी म्हणेन.