दुसरे कडवे

डिसेंबरात आमच्या चर्चची मंडळी रात्री घरोघरी नाताळची गीते गात फिरतात. एका दारी मराठी, दुसऱ्या दारी कन्नड. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० साली सुरू झाले. दोनशे वर्षे होऊन गेली, पण आमचे कन्नड उच्चार काही सुधारले नाहीत! ते सुधारणारे काका यंदा गेले. त्यांच्या दारी चांदणी नव्हती. "दुःखाचं घर, नको," कुणीतरी म्हणाले. खरे तर मीच म्हणालो. तेवढ्यात सूनबाईंनी दार उघडले. "अत्ते जाग्या आहेत, या." आम्ही काकांचे आवडते कन्नड गीत धरले आणि दुसऱ्या कडव्याला अडलो. पुढची ओळ काकूंनी आतून म्हटली, मराठी वळणाच्या कन्नडात. मग करंज्या आल्या. काकांनंतर त्या घरात मी पहिल्यांदाच बसलो होतो.