बारा फुटांचें घर

आमचा धाकटा पुतण्या मुंबईस वास्तुकलेचें शिक्षण घेत आहे. रानांत चार दिवस निवांत राहण्याजोग्या एका लहानशा घराचा आराखडा त्यास यंदा करावयाचा होता, व त्यासाठीं त्यानें कोंकणांतील आमची वडिलोपार्जित आमराई निवडली. गणपतीस सारें कुटुंब गांवीं जमलें असतां त्यानें कागद ओटीवर पसरला. चित्र खरोखर देखणें होतें. बारा फुटांची एकच खोली, आणि पश्चिमेची सबंध भिंत कांचेची! “येथें बसलें कीं समुद्र दिसेल,” तो म्हणाला.

वहिनींनीं चष्मा लावून पाहिलें व इतकेंच विचारलें, “पाणी कोण आणणार रे?”

विहीर उताराखालीं शंभर पावलांवर. चित्रांत ती नव्हतीच, चूलहि नव्हती. पुतण्या हिरमुसला आणि त्यानें ल कॉर्ब्यूझिए यांचा दाखला पुढें केला.

दाखला मोलाचा खरा. चंदीगडची आखणी करणाऱ्या या वास्तुकारानें 1951 च्या डिसेंबरअखेरीस, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका खाणावळींत मेजाच्या कोपऱ्याशीं बसून, पत्नीच्या वाढदिवसाची भेट म्हणून एका लांकडी झोपडीचा आराखडा पाऊण तासांत काढला, असें ते स्वतःच सांगत. पुढील वर्षीं ती उभी राहिली. लांबी-रुंदी 3.66 मीटर, म्हणजे बारा फूटच, उंची 2.26 मीटर. आंत पलंग, मेज, हात धुण्याचें भांडें, पडद्याआड शौचकूप. भूमध्यसमुद्र समोर असूनहि खिडक्या लहान ठेवल्या, व त्यांच्या झडपांना आरसे लावून बाहेरचा देखावा आंत घेतला. 2016 सालीं ही झोपडी युनेस्कोच्या जागतिक वारशांत गणली गेली.

मात्र तींत स्वयंपाकघर नाहीं. ती खाणावळ भिंतीस लागूनच होती, आणि तिकडे जाण्यास झोपडींतून दार ठेविलें होतें. बारा फुटांत भागलें तें शेजारीं चूल पेटत होती म्हणून! आमच्या चिरंजीवांनीं पुस्तकांतील तेवढें पान उलटलें असावें.

शिवाय आमच्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. जून ते सप्टेंबर तो त्या कांचेवर थेट आपटणार, आणि चैत्र-वैशाखांत दुपार कलली कीं खोलीची भट्टी होणार. कोंकणांतील जुनीं घरें पडवी घेऊन, कौलें खालीं ओढून बसतात तीं कांहीं गाभुळलेल्या बुद्धीमुळें नव्हे.

दुसरे दिवशीं पुतण्या छत्री घेऊन विहिरीपर्यंत दोनदां गेला. एकदां रिकाम्या हातानें, एकदां भरलेली कळशी घेऊन. रात्रीं नवें चित्र झालें. खोली खालीं विहिरीजवळ सरकली होती. जांभ्याचें जोतें, चार फूट पुढें आलेलें छप्पर, मागें चुलीपुरती पडवी. समुद्र आतां अंगणाच्या टोकाशीं उभें राहिल्यावरच दिसतो, हें मात्र त्यास अजून खुपतें. मलाहि, खरें सांगावयाचें तर.

वहिनींनीं तोहि कागद निरखून पाहिला. “आणि पावसाळ्याचें सरपण कोठें ठेवशील?”

त्यानें पुन्हां पेन्सिल उचलली.