नीरा घरी आणताय? आधी घड्याळ बघा!

थंडी सरून ऊन चटका द्यायला लागलं, की रस्त्याच्या कडेला, एस.टी. स्टँडजवळ ‘ताजी थंडगार नीरा’ अशा पाट्या दिसू लागतात. पूर्वी नीरा स्टॉलवर उभ्या उभ्याच प्यायची वस्तू होती. ग्लास रिकामा केला, पैसे दिले, चाललो पुढे. आता मात्र पार्सलचा जमाना आहे. येताना दोन लिटरची बाटली भरून आणायची, फ्रिजच्या दारात उभी करायची आणि दुपारी पाहुणे आले, संध्याकाळी मुलं खेळून आली, की ग्लासात ओतायची. ‘त्या रंगीत कोल्ड्रिंकपेक्षा हे बरं!’ असं आपण स्वतःला सांगतो. इथेच गफलत होते, मैत्रिणींनो.

नीरा म्हणजे ताड, माड किंवा शिंदी या झाडांचा रस. संध्याकाळी झाडाला मडकं बांधतात आणि सूर्य वर यायच्या आत उतरवतात. ताज्या रसात साधारण १० ते १५ टक्के साखर असते. साखर म्हटली की तिथे मुंग्या येतात, तसेच डोळ्यांना न दिसणारे यीस्टचे जंतूही येतात. ते हवेत असतात, झाडावर असतात, कालच्या मडक्यातही असतात. ते साखर खातात आणि तिचं अल्कोहोल करतात. म्हणून तर मडक्याला आतून चुना लावतात. चुन्यामुळे हे जंतू वाढत नाहीत आणि रस गोड राहतो. पण चुन्याचा जोर काही दिवसभर पुरत नाही. ऊन वाढलं की काही तासांतच रस आंबायला लागतो. पूर्ण आंबला की त्याचं नाव बदलतं. ताडाची ताडी, माडाची माडी! तिच्यात साधारण ४ ते ६ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे जवळजवळ बाजारातल्या बीअरइतकंच. आणखी ठेवली की होतो शिरका. झाड तेच, रस तोच. फरक फक्त वेळेचा.

‘पण आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो ना!’ असं बऱ्याच जणी म्हणतात. फ्रिजने आंबण्याचा वेग कमी होतो, आंबणं थांबत नाही. इडलीचं पीठ फ्रिजमध्ये ठेवलं तरी दोन दिवसांत आंबट होतंच की नाही? त्यात आपला फ्रिज दिवसातून पन्नास वेळा उघडतो आणि ऐन उन्हाळ्यात वीज जाते. शिवाय आपण नीरा भरतो कशात, तर कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत. मागच्या आठवड्याची नीराही त्याच बाटलीत होती आणि तिचा अरुंद गळा काही धड धुतला जात नाही. तळाशी राहिलेला तो थेंब विरजणाचं काम करतो. दुधाला विरजण लावून ‘दही का झालं?’ म्हणून विचारण्यातला हा प्रकार.

यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. सांगते. आमच्या बचत गटाबरोबर दारू सोडलेल्या माणसांच्या घरच्या बायकांचीही बैठक होते. अशाच एका बैठकीत एक बाई हळूच म्हणाल्या, “ताई, यांनी दीड वर्ष थेंब घेतला नव्हता. परवा दुपारी फ्रिजमधली नीरा प्यायले नि म्हणाले, ‘ही लागलीय गं!’ रात्री घरी आले ते पिऊनच. नीरा तर साधीच असते ना?” नीरा आणली होती सासूबाईंच्या उपासासाठी, आदल्या दिवशी सकाळी. त्या माउलीचा काय दोष? तिला कुणी सांगितलंच नव्हतं, की आदल्या दिवशीची नीरा ही नीरा राहिलेलीच नसते. दारू सोडलेल्या माणसाला तो वास, ती जिभेवरची चुरचुरही पुरते. आणि तीच बाटली लहान मुलाच्या किंवा दिवस गेलेल्या सुनेच्या हातात गेली तर?

यावर कुणी म्हणेल, मग नीराच बंद करा, कटकट नको. मला हे मान्य नाही. गांधीजींनी नीरा आणि ताडगुळाचा पुरस्कार केला तो याचसाठी, की ताडी काढणाऱ्या हातांना दारूऐवजी दुसरं काम मिळावं. कोकणात, पालघर-डहाणूच्या पट्ट्यात पहाटेच्या अंधारात झाडावर चढणाऱ्या माणसाचं पोट या रसावर आहे. बिहारमध्ये २०१६ साली दारूबंदी झाली, तेव्हा तिथल्या सरकारने ताडी काढणाऱ्यांना नीरेकडे वळवण्याचं ठरवलं आणि ‘जीविका’ बचत गटांतल्या बायकांना त्या कामात घेतलं. केरळात कासरगोडच्या नारळ संशोधन संस्थेने तर चुन्याऐवजी बर्फाच्या पेटीत माडाचा रस गोळा करायची पद्धत काढली. म्हणजे रस झाडावरून उतरायच्या आधीपासूनच थंड! एवढी काळजी ते झाडावर घेतात, तर आपण स्वयंपाकघरात थोडी घ्यायला काय हरकत आहे?

नीरा पार्सल आणायचीच असेल, तर सकाळी आणा. आणि ‘ताजी आहे का?’ असं विचारू नका, त्याला कोण नाही म्हणणार? ‘किती वाजता उतरवली? मडक्यावर जाळी बांधता का?’ हे विचारा. घरून स्टीलची बरणी न्या, उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी केलेली. बर्फ नीरेत टाकू नका, बरणीभोवती ठेवा. घरी आल्यावर फ्रिजच्या दारात न ठेवता आत, मागच्या बाजूला ठेवा आणि दुपारच्या जेवणाच्या आत संपवा. झाकण अगदी घट्ट लावू नका. आंबताना वायू तयार होतो, बाटली फुगते, काचेची असेल तर फुटतेही. फेस आला, आंबूस वास आला, जीभ चुरचुरली, की ती नीरा मुलांना देऊ नका. साखर घालून गोड करून तर मुळीच नको. गोडीने आंबटपणा झाकला जातो, अल्कोहोल जात नाही.

जास्त आणली गेली, तर ताजी असतानाच पातेल्यात आटवा. छान काकवीसारखा पाक होतो, तो बरेच दिवस टिकतो. आंबलेलीच असेल तर गोव्याकडच्या बायका काय करतात ते आठवा. त्या माडाच्या सुरेने सान्नांचं पीठ फुगवतात. मात्र ज्या घरात कुणी दारू सोडलेलं आहे, तिथे हा काटकसरीचा विचार करू नका. सरळ मोरीत ओता. दहा-वीस रुपये गेले तर गेले.

आणखी एक. ‘नीरा औषधी, कितीही प्या’ हे खरं मानू नका. ग्लासभर नीरेत चार-पाच चमचे साखर असते. घरात मधुमेहाचं माणूस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.

नीरा काढायला आणि विकायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. परवाना भिंतीवर टांगलेला असतो, पण रस केव्हा उतरवला हे कुठेच लिहिलेलं नसतं. आपण बायका दूध घेताना पिशवीवरची तारीख बघतो, ब्रेड घेताना बघतो. मग नीरेच्या स्टॉलवर एक साधी पाटी, ‘आज पहाटे इतक्या वाजता उतरवली, इतक्या वाजेपर्यंत विक्री’, अशी का असू नये? त्याला खडू आणि फळी एवढंच लागतं. दुकानदार स्वतःहून लावणार नाही, पण रोजच्या दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर लावेल. प्रामाणिकपणे पहाटे झाडावर चढणाऱ्याचा त्यात फायदाच आहे. तोटा होईल तो दुपारी साखरपाणी मिसळून विकणाऱ्याचा.

तेव्हा उद्या स्टॉलवर गेलात की भाव विचारायच्या आधी वेळ विचारा. आणि उत्तर देताना समोरचा चाचरला, तर लिंबूपाणी आहेच की आपल्या घरी!