गुण, दैव आणि वजन

बक्षीस गुणाच्या मागून चालत यावें, ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. शाळेंतील वक्तृत्वस्पर्धेपासून विद्वानांच्या सभेपर्यंत सर्वत्र आपण हीच अपेक्षा बाळगतों, आणि निकाल मनाविरुद्ध लागला म्हणजे परीक्षकांस दोष देतों. तेव्हां परीक्षकच नकोत, सर्व वाचकांनींच मतें द्यावीं व ज्या लेखास मतें अधिक त्यास पैसे अधिक मिळावे, ही कल्पना न्यायाची परमावधि वाटल्यास नवल नाहीं. इंटरनेटवर अशी व्यवस्था खरोखरच निर्माण झाली. तिच्यांत गुणाला कितपत न्याय मिळाला, याचा थोडा विचार येथें करूं.

सन २०१६ मध्यें नेड स्कॉट व डॅन लॅरिमर या दोघांनीं 'स्टीमिट' नांवाचें संकेतस्थळ सुरू केलें. तेथें लेख किंवा अभिप्राय लिहिणाऱ्यास वाचकांच्या मतांप्रमाणें 'स्टीम' या आभासी चलनांत मोबदला मिळे, आणि तें चलन बाजारांत विकून रोख पैसा करतां येई. मत देणाऱ्यासही त्या मोबदल्यांत वांटा ठेवलेला होता. २०१९ पूर्वीं तो साधारणतः चौथा हिस्सा असे. वाचकांनीं श्रम घेऊन चांगलें लेखन हुडकून काढावें, हा त्यांतील हेतु होता, आणि तो वाईट होता असें म्हणतां येणार नाहीं.

परंतु सर्वांचें मत सारखें नव्हतें. ज्यानें आपल्या खात्यांत हें चलन अधिक गुंतवून ठेवलें, त्याच्या मताचें वजन अधिक. पहिल्या काळांत तर हें वजन वर्गाच्या प्रमाणांत वाढे; म्हणजे दुसऱ्याच्या दसपट चलन बाळगणाऱ्याचें मत शंभरपट मोलाचें ठरे. जून २०१७ मध्यें हा वर्गाचा नियम जाऊन सरळ प्रमाण आलें. तथापि दसपट धनाचें दसपट वजन राहिलेंच. याला कारणही होतें. एका माणसास एक मत असा नियम करावा, तर एकच इसम शंभर खोटीं खातीं उघडून शंभर मतें देईल. ही लबाडी अडविण्यासाठीं मताची सांगड धनाशीं घालण्यांत आली. परिणाम असा झाला कीं, खोट्या माणसांबरोबर निर्धन माणसेंही मोजणींतून जवळजवळ बाद झालीं. बळी तो कान पिळी, ही म्हण येथें नियमांतच लिहिली गेली.

माझ्या मतें याहूनही मोठा दोष निराळाच आहे. वक्तृत्वस्पर्धेंत विजयी विद्यार्थ्याच्या बक्षिसांतील चौथा हिस्सा परीक्षकांस देण्याचें ठरलें, तर काय होईल? भाषण चांगलें कोणाचें झालें, हें न पाहतां इतर परीक्षक कोणाकडे झुकतील, इकडेच प्रत्येकाचें लक्ष राहील. स्टीमिटवर हेंच घडलें. पुढें ज्या लेखास वजनदार मतें पडणार त्यास आधीं मत देण्यांत लाभ होता. म्हणून मत हा निर्णय न राहतां ती गुंतवणूक झाली. पुढें तर मतें उघडपणें विकण्यांत येऊं लागलीं. लेखकानें रक्कम भरावी, आणि लेखाचें एक अक्षरही न वाचतां यंत्रानें त्यास मत द्यावें, असा हा व्यवहार होता.

आतां दैवाकडे वळूं. सालगानिक, डॉड्स व वॉट्स या संशोधकांनीं २००६ मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनीं अप्रसिद्ध गायकवृंदांचीं ४८ गाणीं १४,३४१ लोकांपुढें ठेविलीं. एका गटास इतरांची पसंती मुळींच दिसूं दिली नाहीं. बाकीच्यांचे आठ स्वतंत्र गट पाडून प्रत्येकास आपल्या गटांत कोणतें गाणें किती जणांनीं घेतलें तें दाखविलें. गाणीं तींच, श्रोतेही चिठ्ठ्या टाकून वांटावे तसे वांटलेले. तरी निकाल निरनिराळे लागले. स्वतंत्रपणें ऐकणाऱ्यांत २६ वें ठरलेलें एक गाणें एका गटांत पहिलें आलें, तर दुसऱ्या गटांत ४० वें. उत्तमांतील उत्तम गाणें सहसा तळाशीं गेलें नाहीं, आणि अगदीं टाकाऊ सहसा शिखरावर चढलें नाहीं. पण मधल्या सर्वांचें भवितव्य पहिल्या कांहीं श्रोत्यांच्या पसंतीवर हेलकावे खात राहिलें. २०१३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत संशोधकांनीं एका संकेतस्थळावरील कांहीं अभिप्रायांस, कसलीही निवड न करतां, आरंभींच एकेक अनुकूल मत दिलें. तेवढ्यानेंच त्यांची अखेरची पसंती सरासरीनें २५ टक्क्यांनीं वाढली. पहिल्या मताचें सामर्थ्य इतकें असतां तें जेथें विकत मिळतें, तेथें दैवसुद्धां धनवंताच्या घरीं पाणी भरूं लागतें!

यावर कोणी म्हणेल, जुन्या व्यवस्थेंत तरी निराळें काय होतें? संपादकाची मर्जी किंवा थोरांचा वशिला नसल्यामुळें किती हस्तलिखितें पेटींतच राहिलीं! हा आक्षेप खरा आहे. शिवाय हलाखींत सांपडलेल्या व्हेनेझुएलासारख्या देशांतील कित्येक लेखकांस स्टीमिटवर चार पैसे मिळाले, हेंही मान्य केलें पाहिजे. तथापि पक्षपाती संपादकास निदान आपला पक्षपात झांकावा तरी लागतो. धनानेंच मताचें वजन ठरावें, हा जेथें लेखी नियम, तेथें दाद कोणापाशीं मागावी? २०१९ मध्यें मत देणाऱ्यांचा वांटा वाढवून निम्मा करण्यांत आला व प्रतिकूल मत देणें सुलभ झालें. म्हणजे लोभाच्या रोगावर लोभाचेंच औषध! पुढें २०२० च्या फेब्रुवारींत जस्टिन सन या धनिकानें ती कंपनीच विकत घेतली. तिच्याबरोबर तिच्या चलनसाठ्याचें वजनही त्याच्या हातीं गेलें. त्यावरून कलह माजला आणि मार्चमध्यें पुष्कळ सभासद फुटून 'हाइव्ह' ही वेगळी व्यवस्था स्थापून बसले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जो पारख करतो त्याचा बक्षिसांत वांटा असूं नये. आणि प्रत्येकाचें मत नोंदलें जाईपर्यंत इतरांच्या मतांचा आंकडा त्यास दिसूं नये. हे नियम आपल्या स्पर्धांस आपण सहज लावूं शकतों. आणि बक्षिसाचें आमिष दाखविणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळाची पारखही यांवरूनच करावी. लेखणी हातीं धरणाऱ्या विद्यार्थ्यांस माझें इतकेंच सांगणें आहे कीं, लेखाखालीं उमटणाऱ्या आंकड्यांत गुण असतो, दैव असतें आणि वजनही असतें. त्यांपैकीं कोणाचा भाग किती, हें तो आंकडा सांगत नाहीं. म्हणून तो मोठा दिसल्यास फुगूं नये, लहान दिसल्यास खचूं नये. ज्याला आपल्या लेखापासून कांहीं मिळावयाचें नाहीं अशा एखाद्या चोखंदळ वाचकास तो दाखवावा, आणि तो जें सांगेल तें मन लावून ऐकावें.