पाठविले म्हणजे पोचले नव्हे

लखनौच्या अमीनाबाद बाजारात बांगड्या आणि साजशृंगाराच्या वस्तूंची एक गजबजलेली गल्ली आहे. तिचे नाव ‘गडबडझाला’. नाव असे असले, तरी तेथील व्यवहारात गडबडीला फारसा वाव नसतो. गिऱ्हाईक समोर उभे, माल हातात आणि पैसे गल्ल्यात. कोणाला काय मिळाले, याविषयी शंकाच उरत नाही. शेजारच्या चिकनकारीच्या दुकानांतही हीच रीत चालत आली.

२००८ मध्ये लखनौच्या चिकनकारीला भौगोलिक मानांकन मिळाले. आता ही कला संकेतस्थळांवरूनही विकली जाते, आणि खरा गडबडझाला तेथे सुरू होतो. समजा, पुण्यातील एका गृहिणीने अमीनाबादच्या दुकानाच्या संकेतस्थळावरून कुर्ता मागविला आणि पैसे भरले. ‘पावती ई-मेलने पाठविली आहे’ असे शब्द पडद्यावर उमटले. पावती मात्र आली नाही. चार दिवसांनी तिला फसवणुकीची शंका आली. तिकडे मागणीची सूचनाही वाटेतच अडकल्याने दुकानदार अंधारात. दोघेही प्रामाणिक, तरी दोघांमधला विश्वास तुटला.

हे का घडते? संकेतस्थळाचा सर्व्हर पत्र बाहेर सोडतो, तेव्हा त्याच्या लेखी ते ‘पाठविलेले’ असते. पुढचा सर्व्हर त्याला तीन अंकी सांकेतिक उत्तर देतो. २ ने सुरू होणारे उत्तर म्हणजे स्वीकार, ४ म्हणजे तूर्त अडचण, पुन्हा प्रयत्न करावा. ५ म्हणजे ठाम नकार. ही उत्तरे सर्व्हरच्या नोंदवहीत उतरतात. परंतु ती वाचतो कोण? परत आलेली पत्रे बहुधा अशा पेटीत पडतात, जी कोणी कधी उघडतच नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, तशातली गत!

नकाराची कारणेही बहुधा साधीच असतात. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेलच्या देवाणघेवाणीचे नियम लिहिले, तेव्हा पाठविणाऱ्याचे नाव खरे की खोटे, हे तपासण्याची सोय त्यांत नव्हती. तोतयांनी याचा पुरेपूर लाभ घेतला. त्यावर उपाय म्हणून २००६ मध्ये एसपीएफ, २००७ मध्ये डीकेआयएम आणि २०१५ मध्ये डीमार्क या पद्धतींचे मसुदे प्रसिद्ध झाले. आपल्या नावाने कोणता सर्व्हर पत्र पाठवू शकतो, हे मालकाने जाहीर नोंदीत लिहावे लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी हे नियम अधिक कडक केले. ही नोंद नसली, किंवा त्याच सर्व्हरवरील एखादा शेजारी नको ती पत्रे वाटत असला, तरी निर्दोष दुकानदाराची पावती नाकारली जाते वा नकोशा पत्रांच्या कप्प्यात जाते.

दुकानदाराने कापड विकावे की सर्व्हरची नोंदवही वाचावी, असा प्रश्न कोणी विचारील. दुरुस्ती तज्ज्ञानेच करावी, हे खरे. परंतु परत आलेली पत्रे कोण पाहतो, नकाराचा क्रमांक कोणता, आपल्या नावाची नोंद केली आहे काय, हे तीन प्रश्न मालकानेच विचारावयास हवेत. हिशेबनीस ठेवला म्हणून कोणी शिल्लक पाहणे सोडत नाही. शिवाय ग्राहकाला दूरध्वनी क्रमांकही द्यावा. एकाच वाटेवर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

बँकेच्या व्यवहारात तर पोचण्याचे मोल पैशांत मोजले जाते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरविले, की त्रयस्थाकडून झालेल्या अनधिकृत व्यवहाराची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याच्यावर दायित्व येणार नाही. सूचना कधी पोचली, याची नोंद ठेवण्याचे बंधनही बँकांवर घातले गेले. अर्जातील ई-मेल पत्त्यात एक अक्षर चुकले, तर पत्र तिसऱ्याच व्यक्तीकडे जाऊ शकते आणि नकाराची चिठ्ठीसुद्धा परत येत नाही. म्हणून खिडकीवरील कर्मचाऱ्याने पत्ता मोठ्याने वाचून दाखवावा आणि ग्राहकाने एखादी सूचना तरी खरोखर आली की नाही, हे पाहावे. ‘आपले पत्र पोचले नाही, येथे कळ दाबा’ अशी बनावट पत्रेही येतात. त्यांतील दुव्याला हात लावू नये.

यंत्र पत्र नेते, परंतु शब्द दिलेला असतो माणसाने. अमीनाबादचा दुकानदार माल गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत नजर हटवीत नाही. तीच नजर संकेतस्थळावरही राहिली, तर अंतर कितीही वाढले तरी विश्वास उणा पडणार नाही.