रॅकेट हातात घेण्याआधी



पावसाळ्यात शालेय क्रीडा स्पर्धांची धांदल सुरू होते. तालुक्याला जिंकलेली मुले बीडला जिल्हा स्पर्धेत जातात आणि बॅडमिंटनच्या पहिल्याच फेरीत हरून येतात. घरचे म्हणतात, "नशीब नव्हतं." पण आठ दिवस आधी नवी रॅकेट आणायची आणि सामन्याच्या सकाळी दुआ मागायची, याला तयारी म्हणत नाहीत. आधी उंट बांधावा, मग तवक्कल करावे, ही शिकवण खेळालाही लागू आहे.

मुलांना वाटते, हा खेळ जोराचा आहे. सांगलीत जन्मलेले नंदू नाटेकर मात्र मनगटाच्या नजाकतीवर आणि समोरच्याला चकवण्यावर खेळले. १९५६ मध्ये क्वालालंपूरची सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

तंत्राची सुरुवात पकडीपासून होते. मुसाफा करावा तशी रॅकेट सैल धरावी आणि फटक्याच्या क्षणीच बोटे आवळावीत. मूठ सतत घट्ट असली की हात मोकळा फिरत नाही. शटल अंगाच्या पुढे असतानाच मारावे. फटका मारला की उभे राहून पाहत बसू नये, लगेच मध्यावर परतावे.

यासाठी हॉल लागत नाही. अंगणात खडूने मध्य आणि भोवती सहा खुणा करा. आधी दहा मिनिटे अंग मोकळे करा. मग शटलशिवाय मध्यापासून एकेका खुणेपर्यंत जा, फटक्याचा हात फिरवा, परत या. असरनंतर रोज वीस मिनिटे पुरतात. पेशावरचे हाशिम खान लहानपणी साहेबांच्या क्लबात चेंडू गोळा करत. कोर्ट रिकामे झाले की अनवाणी एकटेच भिंतीवर सराव करत. त्यांनीच १९५१ मध्ये स्क्वॉशची ब्रिटिश ओपन जिंकली.

अंगणातला हा सराव मुलींना तर सहज जमण्यासारखा आहे. पण सातवी-आठवीनंतर भावाच्या हाती रॅकेट राहते आणि बहिणीच्या हाती झाडू येतो. कपड्यांचे कारण सांगितले जाते. इराणची सुरय्या आगाई २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये हिजाब घालूनच खेळली आणि पहिला सामना जिंकलीही.

अम्मी-अब्बूंनो, असरनंतरची ती वीस मिनिटे यंदा मुलीलाही द्या. तेवढा वेळ घरकाम भावाने करावे.